गोखले रोडवरचा बोगस इंजिनियर

शनिवारपासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितोय. मला चार्टर्ड इंजिनियर व्हायचंय, ते ब्रिटनवालं, नावापुढे CEng लावता येतं ते. आमचे क्लायंट तिकडचे, त्यांच्या मेलखाली नावापुढे ती अक्षरं असतात आणि माझ्या मेलखाली नुसतं रिगार्ड्स.

अर्ज केला तर उत्तर आलं, तुमची डिग्री ॲक्रेडिटेड, म्हणजे त्यांना मान्य अशी, नाही. वॉशिंग्टन अकॉर्ड म्हणून 1989 चा एक करार आहे, त्यातल्या देशांच्या संस्था एकमेकांच्या ॲक्रेडिटेड डिग्र्या मानतात, भारत त्यात पक्का मेंबर झाला जून 2014 मध्ये. मी पास झालो 2003 ला. अकरा वर्षं घाई झाली म्हणायची. आता टेक्निकल रिपोर्ट द्या, मग इंटरव्ह्यू. म्हणजे वीस वर्षं नवी मुंबईत महाप्यात बसून प्रेशर व्हेसल, म्हणजे दाबाखाली चालणाऱ्या टाक्या, डिझाइन केल्यावर मी लिहून द्यायचं, की मला इंजिनियरिंग येतं हो. दिलं लिहून.

रिपोर्टवर सही करणारे माझे जुने साहेब स्क्रीनवर वाचत नाहीत, म्हणून प्रिंट काढायला ठाण्यात नौपाड्यात, गोखले रोडवर गेलो. झेरॉक्सवाल्या काकांनी गठ्ठा हातात घेतला आणि पहिलं पान चक्क वाचलं. मागे लाइन.

"चार्टर्ड म्हणजे सीए ना?"

"नाही, इंजिनियर."

"हां, शिक्केवाला! जुनं मशीन बाहेरून मागवलं की सर्टिफिकेट देतो तो. माझा मेव्हणा ओळखतो एकाला, वागळे इस्टेटला, तासात काम."

म्हटलं काका, ते इथलं, त्याची संस्था वेगळी, 1920 ची, हेड ऑफिस कोलकात्याला, गोखले रोडवर. हे मी का बोललो देव जाणे.

"गोखले रोडवर?" काकांनी हातातलं पंचिंग थांबवलं. "अहो तीस वर्षं मी गोखले रोडवर बसतोय. कुठल्या बिल्डिंगमध्ये?"

"कोलकात्यातला गोखले रोड, काका."

"तेच म्हणतो. त्या बंगाली मिठाईवाल्याच्या वर का?"

लाइनीतला एक पोरगा म्हणाला, तिथे क्लास आहे. दुसरा म्हणाला, बंद झाला. पाच मिनिटं त्या क्लासवरच चर्चा, फी किती होती, सर कुठे गेले, आणि माझी पानं पंख्याखाली फडफडतायत. मग काका स्पायरलची तार एकेका भोकातून फिरवत, मान वर न करता, पण आवाज मात्र पार स्टेशनपर्यंत जाईल असा, "पण साहेब, तुमच्याकडे डिग्री आहे ना? मग परत कशाला? बोगस निघाली का?"

लाइन एकदम गप्प. आणि लाइनीत आमच्या बी विंगच्या काकू, हातात आधार कार्ड.

मी वॉशिंग्टन अकॉर्ड समजावायला लागलो. झेरॉक्सच्या दुकानात, घाम पुसत. काका म्हणाले, "वॉशिंग्टन अमेरिकेत ना? तुम्ही तर इंग्लंड म्हणालात." आता यावर काय बोलणार.

खरं सांगू का, हसू येतं पण रागही येतो. मी डिझाइन केलेली व्हेसल्स आज प्रेशरखाली चालू आहेत, एकही फुटलेलं नाही, त्यांना माझी डिग्री कुठली ते कुणी विचारत नाही. आणि ॲडमिशन घेताना अठरा वर्षांच्या पोराला ॲक्रेडिटेशन हा शब्द कुणी सांगितला होता? वडील म्हणाले कॉलेज जवळ आहे, बसचा पास स्वस्तात पडेल. संपलं.

एकशे ऐंशी रुपये झाले. घरी येऊन बघतो तर पान 11 उलटं लागलंय.

रविवारी लिफ्टमध्ये काकू भेटल्या. दार बंद होईपर्यंत थांबल्या, मग एकदम हळू आवाजात, "डिग्रीचं मिटलं का रे? आमच्या ह्यांची मंत्रालयात ओळख आहे."