पाखरं येणारच नाहीत

बहिणीच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट स्टुडिओवाल्याने नाकाशी नेली, हुंगली आणि काउंटरवरून माझ्याकडे सरकवली. "बुरशी. आमच्या मशीनचं टेप वाचणारं हेड जाईल."

"पण बाहेर पाटीवर 'जुन्या कॅसेट डिजिटल करून मिळतील' लिहिलंय की!"

"चांगल्या जुन्या."

पासपोर्ट फोटोसाठी थांबलेल्या, मानेवर पावडर थापलेल्या एका काकांनी ती न विचारता उचलली. कडेचं बटण दाबून झाकण उघडलं. "हे पांढरं दिसतंय ना, तीच बुरशी. उन्हात घाला."

"टेप वाकडी होते उन्हात," स्टुडिओवाला.

"मग डांबरगोळ्या." त्यावर दोघंही गप्प, तेव्हा काकांना खरा कंठ फुटला. "आमच्या गावाकडं ज्वारीवर बांधतात बघा ही टेप. या खांबावरून त्या खांबावर ताणायची. वारं लागलं की घूंऽऽ करते, पाखरू फिरकत नाही. तीन तासांच्या कॅसेटीत अडीचशे मीटर निघते, एकराला कुठं जात नाही! लग्न कुणाचं म्हणालात?"

"बहिणीचं."

"म्हणजे सगळे नातेवाईक आहेत यात. मग तर पाखरं येणारच नाहीत."

स्टुडिओवाला खिंकाळला. हसू मलाही आलं, राग त्याचाच जास्त आला.

वास्तविक ही कॅसेट घरात सगळ्यात जपलेली. कोरी कॅसेट महाग, म्हणून आमच्याकडे पुन्हा रेकॉर्डिंग होऊ न देणाऱ्या तुटलेल्या खाचेवर सेलोटेप चिकटवून त्याच कॅसेटवर पुन्हा पुन्हा शारजाच्या मॅचेस भरल्या जायच्या. या एका कॅसेटची खाच तोडून बाबांनी ती स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवली. भावापासून वाचली. कपाट ओल्या भिंतीला टेकलेलं होतं, त्याचं काय करणार? गुलाबाच्या पाकळ्यांतून जिजाजींचं तोंड उगवणारा तो शॉट आता बुरशीतून उगवेल.

जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हा हातातलं मशीन स्टुडिओवाला जपणार, हे मलाही कळतं. पण बुरशी साफ करून देणाऱ्याचा पत्ता तरी सांगशील? तो म्हणे मुंबईत "कुणीतरी" आहे. शिवाय तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, दर त्या हिशेबाने. वर माझ्याकडे तपासणीचे पन्नास रुपये मागितले.

"हुंगायचे?"

"कॅसेट उघडून बघितली ना."

"ती यांनी उघडली!"

"राहू द्या हो," काका हात जोडून म्हणाले, "मला काही नको."