‘उत्तर’ आधी वरचं, मग नंतरचं

एका लेखात ‘उत्तर’ या शब्दाचे जबाब, दिशा आणि ‘नंतरचा’ असे तीन वेगवेगळे शब्द मानले आहेत. तिथे थोडी भर घालावीशी वाटते. शब्द एकच आहे. ‘उद्’ म्हणजे वर, त्याला तुलनेचा ‘तर’ प्रत्यय लागला की ‘अधिक वरचा’. ‘उद्’लाच ‘तम’ लागून ‘उत्तम’ झाला. अंगावर वरून घ्यायचं ते उत्तरीय. वरच्या अर्थावरून ‘पुढचा, नंतरचा’ अर्थ आला आणि प्रश्नानंतर येतं म्हणून ते उत्तर. ‘लोकोत्तर’, ‘मरणोत्तर’ आणि ‘पूर्वोत्तर’ शेजारी ठेवून बघा: पहिल्यात वर, दुसऱ्यात नंतर, तिसऱ्यात दिशा. भवभूतीच्या ‘उत्तररामचरित’ या संस्कृत नाटकातलं ‘उत्तर’ही रामाच्या पुढच्या आयुष्याचं.

गंमत म्हणजे दिशेत पूर्वेची जोडी पश्चिमेशी, पण काळात पूर्वार्धाची जोडी उत्तरार्धाशीच.

मला हा शब्द खरा कळला तो गणपतीच्या उत्तरपूजेत. लहानपणी वाटायचं, उत्तरेकडे तोंड करून करतात म्हणून उत्तरपूजा. आजीने सांगितलं, अगं, ही शेवटची, मागाहूनची पूजा. आरती होते, बाप्पाच्या हातावर दही ठेवतात, अक्षता वाहतात, ‘पुनरागमनाय च’ म्हणतात आणि मूर्ती जागेवरून जराशी हलवतात. त्या हलवण्याच्या क्षणी घरात कोणी बोलत नाही. अजूनही ‘उत्तर’ म्हटलं की मला आधी पाटावरची ती रिकामी झालेली जागा दिसते.