‘मस्ट नॉट’ आणि ‘डोन्ट हॅव टू’ यांचा अर्थ एक नाही

‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ या दोहोंचा अर्थ ‘करावेच लागते’ असा असल्यामुळे त्यांची नकारार्थी रूपेही एकमेकांच्या जागी वापरता येतात, असे सांगणारा एक मजकूर सध्या फिरत आहे. त्यातला पहिला भाग ढोबळमानाने बरोबर असला, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. ‘यू मस्ट नॉट टेक धिस टॅब्लेट’ म्हणजे ही गोळी घेता कामा नये. ‘यू डोन्ट हॅव टू टेक धिस टॅब्लेट’ म्हणजे ती घेतलीच पाहिजे असे नाही, घेतली तरी हरकत नाही. पहिल्या वाक्यातला नकार गोळी घेण्याच्या क्रियेला लागतो, दुसऱ्यातला सक्तीला. मराठीत ‘घेऊ नये’ आणि ‘घ्यायची गरज नाही’ यांतला हाच फरक आपण न चुकता पाळतो. इंग्रजीत आल्यावर मात्र तो निसटतो, आणि औषधाच्या सूचनेत तो निसटणे परवडणारे नाही.

परवानगीसाठी ‘कॅन’ वापरणे अशुद्ध आहे, हा त्याच मजकुरातला दुसरा दावाही टिकत नाही: ‘मे’ अधिक औपचारिक आहे, इतकेच.