चॅम्पियनचे वेळापत्रक नवशिक्याच्या गळ्यात

गेला महिनाभर एक संदेश व्यायामाच्या आणि नातेवाइकांच्या गटांतून सारखा फिरतो आहे. ‘नवशिक्या, मध्यम, प्रगत असे काही नसते, हा जिमवाल्यांचा धंदा आहे’ हे त्याचे पहिले वाक्य. त्याखाली स्नायू वाढवण्याचे पाच नियम दिले आहेत : आठवड्यातून सहा दिवस जिमला जा आणि रोज एकेका स्नायूला वीस सेट (न थांबता सलग केलेल्या उचलींची एक फेरी म्हणजे एक सेट) द्या; दुसऱ्या दिवशी दुखले नाही तर कालचा व्यायाम वाया गेला असे समजा; स्नायूला सवय लागू नये म्हणून दर आठवड्याला व्यायाम बदला; अर्नोल्ड श्वार्झनेगरने हेच केले, तुम्हीही करा; आणि व्यायामानंतर अर्ध्या तासात प्रोटीन पोटात गेले नाही तर सगळे फुकट. एरवी असले संदेश मी न वाचताच पुसून टाकतो. हा मात्र सांगलीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने, ‘मामा, हे वाच, तू मला उगाच हळू चालवतोस’ अशी ओळ जोडून, मलाच पाठवला होता आणि त्यानंतर सहाव्या दिवशी मी दवाखान्यात त्याच्या खाटेशेजारी बसलो होतो.

दुसऱ्या नियमापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांनी फार तर वेळ आणि पैसा जाईल. हा नियम माणसाला आडवा करतो. भाच्याने सोमवारी बायसेप्सचे, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूचे, वीस सेट मारले, तेही संदेशातल्या सूचनेप्रमाणे वजन मुद्दाम हळूहळू खाली आणत. मंगळवारी त्याचे कोपर सरळ होईना. ब्रश तोंडापर्यंत नेता येत नसल्यामुळे तो तोंडच ब्रशपाशी नेऊन दात घासत होता, असे ताईने नंतर सांगितले. दुखते आहे म्हणजे वाढते आहे अशी पक्की समजूत करून दिलेली असल्यामुळे त्याला त्याचा आनंदच झाला आणि बुधवारी त्याने पाठीचे वीस सेट केले. पाठीच्या बहुतेक व्यायामांत ओढताना बायसेप्सही राबतात, ही गोष्ट ‘रोज एकच स्नायू’ सांगणाऱ्या संदेशात अर्थातच नव्हती. गुरुवारी सकाळी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तेव्हा कुठे तो घाबरला. स्नायूची मोडतोड झाली की रक्तात वाढणारे क्रिएटिन कायनेज हे एन्झाइम, जे निरोगी माणसात फार तर काही शेकड्यांत असते, ते कित्येक हजारांवर गेले होते आणि पुढचे चार दिवस सलाईनवर काढावे लागले.

या प्रकाराला वैद्यकात ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. सवय नसलेल्या स्नायूवर अचानक अतोनात ताण आला की त्याच्या पेशी फुटतात, त्यांतले मायोग्लोबिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते आणि ते गाळताना मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. वजन उचलण्यापेक्षा ते ताणाखाली खाली सोडताना स्नायूची मोडतोड अधिक होते. म्हणजे संदेशातली ‘हळूहळू खाली आणा’ ही सूचना एरवी वाईट नसली, तरी पहिल्याच आठवड्यात वीस सेटांसाठी ती देणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. पहिल्या काही दिवसांत अंग आंबते, ते चोवीस ते बहात्तर तासांत सर्वाधिक जाणवते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही, एवढे मी मान्य करतो. परंतु अंग आंबणे ही नव्या कामाची खूण आहे, वाढीची पावती नव्हे. साओ पाउलो विद्यापीठातल्या संशोधकांनी दहा तरुणांचा दहा आठवड्यांचा व्यायाम तपासून २०१६ साली हेच दाखवले. पहिल्या सत्रानंतर स्नायूची मोडतोड सर्वांत जास्त होती आणि नवी प्रथिने बनण्याचा वेगही सर्वांत जास्त होता, पण ती प्रथिने प्रामुख्याने डागडुजीत खर्ची पडली. प्रथिने बनण्याचा वेग आणि स्नायूची प्रत्यक्ष वाढ यांचा मेळ बसला तो तिसऱ्या आठवड्यापासून, मोडतोड ओसरल्यानंतर. शिवाय एकदा हलका व्यायाम केला की पुढे काही आठवडे तसल्याच व्यायामाने होणारी मोडतोड कमी होते, म्हणजे शरीर स्वतःच दुखणे कमी करत आणते. ज्याला दर वेळी दुखायलाच हवे, त्याला दर वेळी भार बेतालपणे वाढवावा लागणार, आणि ती वाट कुठे जाते ते मी पाहिले आहे.

आता ‘पातळी वगैरे काही नसते’ या मूळ दाव्याकडे वळू. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २००९ साली निरोगी प्रौढांच्या वजनी व्यायामावर आपली अधिकृत भूमिका प्रसिद्ध केली आणि तिची सगळी मांडणीच पातळीवर उभी आहे. ज्याने कधी वजन उचललेले नाही किंवा ज्याला सोडून कित्येक वर्षे झाली आहेत तो नवशिक्या, साधारण सहा महिने नियमित व्यायाम झालेला मध्यम आणि वर्षानुवर्षे करत आलेला प्रगत. नवशिक्याने आठवड्यातून दोन ते तीन दिवस, मध्यमाने तीन ते चार आणि प्रगताने चार ते पाच दिवस व्यायाम करावा. नवशिक्याने एका सेटमध्ये आठ ते बारा रेप्स, म्हणजे उचली, जेमतेम निघतील एवढे वजन घ्यावे. आणि ठरवलेल्या रेप्सपेक्षा एकदोन जास्त निघू लागल्या की वजन दोन ते दहा टक्क्यांनी वाढवावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. चाळीस किलोवर असाल तर ही वाढ साधारण एक ते चार किलोंची होते, म्हणजे बारच्या (वजने अडकवायच्या दांडीच्या) दोन्ही टोकांना सव्वा किलोची एकेक प्लेट. भाच्याला मी ‘हळू चालवत’ होतो ते एवढ्याच अर्थाने.

माझ्या मते महिने मोजण्यापेक्षा वजन किती लवकर वाढते ते पाहिले की आपली पातळी अधिक नेमकी कळते. जवळजवळ प्रत्येक खेपेला बारवर थोडे वजन चढवता येत असेल, तर तुम्ही नवशिकेच आहात, मग जिमची फी भरून दोन वर्षे का झालेली असेनात. वाढ आठवड्यांच्या हिशेबाने होऊ लागली की मध्यम, आणि एका जादा प्लेटसाठी दोनतीन महिन्यांची आखणी लागू लागली की प्रगत. नवशिक्याला दर खेपेला मिळणारी ही वाढ पुन्हा मिळत नाही. ती स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून बार छातीवरून वर ढकलणे), रो (वाकून बार पोटाकडे ओढणे) अशा संपूर्ण अंगाच्या पाचसहा व्यायामांवर, प्रत्येकी दोनतीन सेट करून, आठवड्यातून तीनदा वसूल करावी. छातीला आठवड्यात नऊ सेट द्यायचे असतील, तर ते तीन दिवसांत तीन-तीन करून विभागल्यास प्रत्येक सेटमध्ये ताकद शिल्लक असते आणि हालचाल तीनदा गिरवली जाते. सोमवारी ‘चेस्ट डे’ म्हणून वीस सेट मारणाऱ्या नवख्याचे शेवटचे दहा सेट नुसते हात हलवणे असते. आपल्या तालमीतला वस्तादसुद्धा नव्या पोराला पहिल्या दिवशी पाचशे बैठका सांगत नाही, हे लिहिण्याची वेळ यावी याचेच नवल वाटते.

‘धंदा’ या शब्दात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. बिगिनर पॅकेज, अ‍ॅडव्हान्स पॅकेज अशी नावे देऊन एकच छापील तक्ता वेगवेगळ्या किमतींना विकणारे ट्रेनर मी पाहिलेले आहेत. पण दुकानदार वजनात मारतो म्हणून तराजूच खोटा ठरत नाही.

अर्नोल्डबद्दल फार लिहीत नाही. त्याने पंधराव्या वर्षाच्या सुमारास वजने उचलायला सुरुवात केली आणि १९७० साली, तेवीस वर्षांचा असताना, तो पहिल्यांदा मिस्टर ऑलिम्पिया, म्हणजे शरीरसौष्ठवातल्या सर्वांत मानाच्या स्पर्धेचा विजेता, झाला. त्याचे आठवड्यातून सहा दिवसांचे जे वेळापत्रक आज दाखवले जाते, ते त्या विजेतेपदांच्या काळातले, म्हणजे आठदहा वर्षे घाम गाळलेल्या शरीराचे आहे. आपण त्या काळात स्टेरॉइड घेत होतो, हे त्याने स्वतः उघडपणे सांगितलेले आहे. संदेशात मात्र ते वाक्य सोयीस्करपणे गळले आहे.

दर आठवड्याला व्यायाम बदलण्याचा नियम प्रगत माणसाच्या बाबतीत अर्धा खरा आहे, कारण त्याला भार आणि सेट यांत नियोजनपूर्वक फेरफार करावाच लागतो. नवशिक्याची पहिल्या काही आठवड्यांतली ताकद मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू ती हालचाल शिकतात म्हणून वाढते. धडा पाठ होण्याआधीच पुस्तक बदलले, तर मागच्या आठवड्यापेक्षा आपण पुढे गेलो की नाही हेसुद्धा कळणार नाही. अर्ध्या तासाच्या प्रोटीनची घाई डबे विकणाऱ्यांना लखलाभ असो. शरीराच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिने दिवसभरात मिळाली की पुरे, मग ती अंडी, दूध, उसळ, पनीर यांतून आली तरी चालतात.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर भाच्याने पुन्हा सुरुवात केली, ती वीस किलोच्या रिकाम्या बारपासून, आठवड्यातून तीन दिवस आणि प्रत्येक सेट वहीत लिहून. परवा त्याचा फोन आला. ‘मामा, तीन आठवडे झाले, अंग अजिबात दुखत नाही, काही चुकतंय का?’ मी त्याला वही उघडून स्क्वॉटचे पहिले आणि शेवटचे पान वाचायला सांगितले. पहिल्या पानावर वीस किलो होते, शेवटच्या पानावर साडेबत्तीस.