वयाला शोभतं का?

शाळेच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक व्हिडिओ आला. आमच्याच वर्गातली मैत्रीण, वय एक्कावन्न, लेकीच्या हळदीत नाचतेय. पदर खोचलेला, गजरा सुटून खांद्यावर आलेला, आणि चेहरा असा फुललेला की मी ते चाळीस सेकंद चार वेळा पाहिले. खाली एका वर्गमित्राने लिहिलं, 'वयाला शोभतं का?' झालं! दोन दिवस ग्रुप पेटलेला. हळदीचा इव्हेंट झालाय, विसर्जनाला डीजे, पोरींचे रील्स, लावणीच्या नावाखाली काय काय चालतं... तिसऱ्या दिवशी मैत्रिणीने व्हिडिओ डिलीट केला.

मी हे सगळं इथे गोथेनबर्गमध्ये वाचत होते, नाचाचे बूट पिशवीत भरता भरता. मंगळवारी मी नाचायला जाते. सुरुवात झाली ती डॉक्टरकडच्या चिठ्ठीने.

स्वीडनमधला माझा दुसरा हिवाळा. डिसेंबरात दुपारी साडेतीनला दिवे लावायचे आणि सकाळी नऊ वाजले तरी बाहेर धड उजाडलेलं नसायचं. मला उठावंसंच वाटेना. भाजी चिरायला घेतली की सुरी हातात धरून तशीच उभी. दवाखान्यात गेले, गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांचा उपयोगही झाला, हे आधी सांगून ठेवते. नाचलं की गोळ्या बंद, असलं काही मी म्हणत नाहीये. पण इथे औषधासारखी हालचालसुद्धा लिहून देतात. काय करायचं, आठवड्यातून किती वेळा, सगळं कागदावर. नर्सने विचारलं, लहानपणी काय करायला आवडायचं? मी पटकन म्हणाले, फुगडी. तिला ती करून दाखवणं त्या खोलीत शक्य नव्हतं, म्हणून हातवारे करून सांगितलं. तिने लिहिलं : नाच, आठवड्यातून दोनदा. फी अर्थात आपल्याच खिशातून.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "डॉक्टर नाचायला सांगतात? आणि वर आपणच पैसे द्यायचे?"

तर हा हॉल. 'बुग' नावाचा जोडीनाच चालतो, पण पाय नीट पडले नाहीत म्हणून कुणी हसत नाही. रिवाज असा की एका जोडीदाराबरोबर दोन गाणी नाचायची, 'ताक' म्हणजे धन्यवाद म्हणायचं आणि दुसरा जोडीदार बघायचा. उगाच कुणाला नाही म्हणायचं नाही. मला पहिल्या दिवशी ज्यांनी विचारलं ते सत्तरीपुढचे आजोबा होते, निवृत्त ट्रामचालक. त्यांचा तळहात कोरडा, खरखरीत. तो हातात आला तेव्हा लक्षात आलं, नवरा आणि मुलगा सोडून कित्येक महिन्यांत मला कुणाचा हातच लागला नव्हता. या देशात चाळीस टक्क्यांहून अधिक घरांत एकच माणूस राहतो. त्यातल्या किती जणांना आठवडाभरात फक्त इथेच कुणाचा हात लागत असेल?

उगाच कौतुक मात्र नको. हेच आजोबा बसस्टॉपवर भेटले तर मान हलवतात, बास. इथला मोकळेपणा सहा ते साडेसात, मध्ये कॉफी. आणि हे लोक काही जन्मजात नाचरे नाहीत. १९४०च्या दशकात इथेही नाचाच्या मांडवांमुळे तरुण पिढी बिघडतेय म्हणून मोठी ओरड झाली होती. हॉटेलात गिऱ्हाईक उठून नाचणार असेल तर मालकाला परवाना लागायचा. ती अट गेली १ जुलै २०२३ला, म्हणजे अगदी परवा. आपल्याकडे २००५मध्ये डान्सबारवर बंदी आली, २००६मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला, तरी २०१६ला नवा कायदा आलाच, आणि २०१९मध्ये त्यातल्या अटी पुन्हा न्यायालयाने सैल केल्या. दोन्हीकडचं प्रकरण वेगळं, पण नाच म्हटला की सरकारला पोलीस आठवतो, एवढं सारखं.

फरक मला दुसरीकडेच दिसतो. इथल्या ओरेब्रू शहरात एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१३मध्ये छापून आले. पोट दुखतंय, डोकं दुखतंय, उदास वाटतंय म्हणून शाळेतल्या नर्सकडे पुन्हा पुन्हा जाणाऱ्या ११२ मुली, १३ ते १८ वयाच्या. त्यातल्या निम्म्या मुलींना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, सव्वा तास नाचायला बोलावलं. परीक्षा नाही, स्पर्धा नाही, गॅदरिंग नाही. नाचणाऱ्या मुलींना आपली तब्येत सुधारल्यासारखी वाटली, आणि वर्ग संपल्यावरही तो फरक टिकला. मला यात आकड्यांपेक्षा 'गॅदरिंग नाही' हे महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे पोरगी नाचायला लागली की तिला क्लास लावतात. मग परीक्षा, मग अरंगेत्रम, नाहीतर टीव्हीवरचे जज. ज्यांना यातलं काही जमत नाही त्यांनी वरातीत नाचावं, तेही बहुतेक पुरुषांनी, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी दोन घोट घेऊन. आपले नाचावरचे सगळे वाद बघणाऱ्याच्या खुर्चीत बसून चालतात : काय दिसतं, किती दिसतं, शोभतं का. नाचणारीला काय वाटलं, हे त्या ग्रुपवर दोन दिवसांत एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

वाईट एवढ्याचंच वाटतं की आपल्याला हे शिकायला ओरेब्रूला जायची गरज नव्हती. वारीत पावली खेळणारा म्हातारा कुणाला दाखवायला खेळत नाही. अनोळखी माणसाशी फुगडी घालतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, पुढे चालू लागतात. आमचा दोन गाण्यांचा नियम याहून वेगळा काय आहे? मंगळागौर तर रात्रभराची. झिम्मा, पिंगा, कोंबडा. माजघरात बायकाच बायका, बघायला कुणी नाही. आता तिचेही ग्रुप झालेत, एकसारख्या नऊवारी, स्टेज, बक्षिसं. त्या बायकांची तालमीतली मजा खरी असते, मावशीच्या ग्रुपची तालीम मी पाहिलीय. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र सगळ्या टेन्शनमध्ये.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना एकत्र, एका तालावर नाचायला लावून पाहिलं होतं, २०१५ची गोष्ट. नुसता घाम गाळला तरी आणि नुसता ताल जुळला तरी, वेदना सहन करायची ताकद वाढलेली दिसली. शरीरात एंडॉर्फिन, म्हणजे वेदना कमी करणारी रसायनं, सुटतात, त्याची ही खूण मानतात.

हे मी ग्रुपवर टाकणार होते. मग म्हटलं, त्या वर्गमित्राला संशोधन कशाला पाठवायचं, मैत्रिणीलाच फोन करू. पंधरा मिनिटं ती जावई, कॅटरर, हॉलवाल्याने कापलेलं डिपॉझिट हेच सांगत होती. शेवटी मी विचारलं, अगं, नाचताना कसं वाटलं?

"माझा उजवा गुडघा माहितीये ना, जिना चढवत नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी तासभर नाचले, दुखलाच नाही बघ. दुसऱ्या दिवशी मात्र काय ठणकला, विचारू नको."