अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची बंदुकांबद्दलची मतं प्राध्यापक घडवतात?

‘कॉलेजच्या मुलांना बंदूक ठाऊक नसते, प्राध्यापक त्यांच्या डोक्यात भरवतात, म्हणून ती निर्बंध मागतात,’ हा अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांबद्दलचा दावा भरपूर फिरतो. तो टिकत नाही.

आधी प्राध्यापकांचं पाहू. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची नवप्रवेशितांची पाहणी १९६६पासूनची. प्रश्नावली प्रवेशाच्या सुमारासच भरून घेतात. १९९०च्या दशकात तिच्यात पिस्तुलविक्रीवर सरकारी नियंत्रण वाढावं का, असा प्रश्न होता, आणि मोठं बहुमत ‘हो’ म्हणत होतं. प्राध्यापकांशी तेव्हा या मुलांची धड ओळखही झालेली नव्हती. पहिल्या आणि शेवटच्या वर्षाची मुलं शेजारी ठेवून ‘बघा, मत बदललं’ म्हणणंही चूक आहे. मधेच कॉलेज सोडणारे शेवटच्या वर्षात मोजलेच जात नाहीत. बदल तपासायचा तर त्याच मुलांना दोनदा विचारावं लागतं.

‘बंदूक ठाऊक नसते’ यात थोडं तथ्य आहे, पण त्याचं मूळ घरात आहे. जनमत तपासणाऱ्या ‘प्यू’ या अमेरिकी संस्थेच्या २०१७च्या पाहणीत बंदूक बाळगणाऱ्या प्रौढांपैकी ६७ टक्के बंदूक असलेल्या घरात वाढलेले होते. न बाळगणाऱ्यांत हे प्रमाण ४० टक्के होतं. ग्रामीण भागात ४६ टक्के प्रौढांकडे स्वतःची बंदूक होती, शहरात १९ टक्क्यांकडे. मूल हा वारसा घेऊनच कॉलेजात येतं. तरीही खासगी विक्रीत खरेदीदाराची पार्श्वभूमी (गुन्ह्यांची नोंद वगैरे) तपासावी, याला बंदूकधारकांपैकीही ७७ टक्क्यांचा पाठिंबा होता. म्हणजे ज्यांना बंदूक नीट ठाऊक आहे, तेही काही निर्बंध मागतात. म्हणूनच ‘निर्बंध हवेत का?’ असा ढोबळ प्रश्न निरुपयोगी ठरतो; उपाय सुटा सुटा विचारायला हवा.

राहिली भीती. ही पिढी शाळेतच, गोळीबार झाला तर काय करायचं याचा, दार बंद, दिवे बंद, खिडकीपासून दूर, असा सराव करत वाढली. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी गोळीबारात १७ जण मारले गेले. त्यानंतरच्या प्यू पाहणीत १३ ते १७ वयाच्या ५७ टक्के मुलांना आपल्या शाळेत गोळीबार होईल अशी काळजी वाटत होती. कॉलेज अजून लांब होतं.

पण भीती सगळ्यांना एकाच बाजूला नेत नाही, आणि हा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २००७मध्ये व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात गोळीबारात ३२ जणांची हत्या झाल्यावर काहींनी कडक तपासणी मागितली, तर काही विद्यार्थ्यांनी आवारात परवान्याची बंदूक बाळगू द्यावी म्हणून संघटना काढली. टेक्ससमध्ये तशी मुभा देणारा कायदा १ ऑगस्ट २०१६पासून लागू झाला, तेव्हा तिथल्या ऑस्टिनच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनीच त्याविरुद्ध निदर्शनं केली.