सगळं खापर मार्टिनच्याच डोक्यावर का?

साउथॅम्प्टन या इंग्लिश फुटबॉल क्लबचा २०२४-२५चा हंगाम संपला तरी त्याच्याबद्दलचा एक दावा अजून फिरतोच आहे. दावा असा: प्रशिक्षक रसेल मार्टिन यांना गोलकीपरपासून छोटे छोटे पास देत वर सरकण्याचं वेड होतं आणि त्या हट्टापायी संघ बुडाला. त्यांना ऑक्टोबरमध्येच घरी पाठवलं असतं, तर क्लब प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या विभागात, टिकला असता (तळाचे तीन संघ दरवर्षी खालच्या विभागात जातात). आदल्या वर्षी चॅम्पियनशिप, म्हणजे त्याखालचा विभाग, गाजवून वर आलेला हाच तर संघ होता, तेव्हा खेळाडूंत खोट नव्हती. आणि शेवटी, प्रीमियर लीगच्या इतिहासातला हा सर्वांत वाईट संघ.

यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे, म्हणूनच बाकीची तीन त्याच्या आडोशाने खपून जातात.

खरी बाजू आधी मान्य करू. पहिलाच सामना न्यूकॅसलशी होता. २८व्या मिनिटाला फाबियन शेरला लाल कार्ड मिळालं, म्हणजे तासाभराहून जास्त वेळ समोर दहाच माणसं. चेंडू जवळजवळ सतत साउथॅम्प्टनकडे. तरीही गोलकीपर मॅकार्थीचा एक पास चुकला, जोएलिंटनने गोल मारला आणि सामना ०-१ गेला. असे स्वतःच्या हाताने वाढून दिलेले गोल पुढेही झाले. १५ डिसेंबरला घरच्या मैदानावर टॉटनहॅमने मध्यंतरापर्यंतच ५ गोल केले आणि त्याच रात्री मार्टिन यांना काढलं. त्या दिवसापुरता तरी कोणी त्यांचा बचाव करू नये.

पण दाव्याचा कस लागतो तो त्यानंतर. पद्धतच रोग असेल, तर पद्धत बदलल्यावर ताप उतरायला हवा होता.

इव्हान युरिच आले. माणसाला माणूस लावून प्रेस करणारा (म्हणजे चेंडू हिसकावायला अंगावर धावून जायला लावणारा), तीन बचावपटूंनिशी खेळवणारा प्रशिक्षक. मार्टिन यांच्या विचारांपासून कोसभर लांब. (त्याच हंगामात रोमा या इटालियन क्लबने त्यांना १२ सामन्यांत काढलं होतं, हा तपशील दावा करणारे सोयीने गाळतात.) आता हिशेब मांडा. मार्टिन यांचे लीगमधले १६ सामने: १ विजय, २ बरोबरी, ५ गुण, ३६ गोल खाल्ले. युरिच यांचे १४ सामने: १ विजय, १ बरोबरी, ४ गुण, ३८ गोल खाल्ले. सामन्यामागे खाल्लेले गोल २.२५ वरून २.७ वर गेले. टॉटनहॅमच्या ०-५ची आठवण सगळ्यांना आहे. पण जानेवारीत त्याच मैदानावर ब्रेंटफर्डनेही ०-५ केलं, तेव्हा मार्टिन कुठे होते?

आणि शेवटच्या मिनिटांतली पडझड? मार्टिन यांच्या काळात लेस्टरविरुद्ध २-० आघाडी घेऊन २-३ हार झाली. युरिच यांच्या काळात मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर ८२व्या मिनिटापर्यंत १-० पुढे असताना युनायटेडच्या अमादने हॅटट्रिक केली आणि १-३. प्रशिक्षक वेगळे, खेळ वेगळा, शेवट एकच.

'ऑक्टोबरमध्येच काढायला हवं होतं' हे तपासायचं तर शेजारीच उदाहरण आहे. लेस्टरने नोव्हेंबरात स्टीव्ह कूपर यांना काढलं. तेव्हा १२ सामन्यांत १० गुण होते. मग रूड व्हॅन निस्टलरॉय आले. उरलेल्या २६ सामन्यांत मिळाले १५ गुण आणि लेस्टरही खाली गेलं. लवकर बदल केला म्हणजे वाचतोच असं काही नाही.

पासिंगच मारते म्हणावं, तर एक वर्ष मागे जा. बर्नली विन्सेंट कोंपनी यांच्या पासिंगवर चॅम्पियनशिपमध्ये १०१ गुण मिळवून वर आली आणि २४ गुणांवर खाली गेली. बरोबर. पण त्याच हंगामात लांब चेंडू टाकून थेट खेळणारं लुटन २६ गुणांवर गेलं आणि शेफील्ड युनायटेड तर १६ गुणांवर, १०४ गोल खाऊन. २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी सलग दोन वर्षं वर आलेले तिन्ही संघ लगोलग खाली गेले. दुसऱ्या वर्षी साउथॅम्प्टन, इप्सविच आणि लेस्टर यांची बेरीज फक्त ५९ गुण. त्या दोन वर्षांत दोन विभागांमधली दरी इतकी रुंदावली होती. ती एका माणसाच्या स्वभावाने पडलेली नव्हती.

आता 'हाच तर संघ होता' या विधानाकडे येऊ, कारण मला ते सर्वांत फसवं वाटतं. पहिली गोष्ट, चॅम्पियनशिप 'गाजवली' वगैरे काही नव्हतं. साउथॅम्प्टन ८७ गुणांनी चौथं आलं आणि प्ले-ऑफच्या (वर जाण्याच्या उरलेल्या एका जागेसाठीच्या बाद फेरीच्या) अंतिम सामन्यात लीड्सला १-० हरवून वर चढलं. त्या वर्षी त्यांनी ६३ गोल खाल्ले होते. लेस्टरने ४१, लीड्सने ४३. म्हणजे गळती खालच्या विभागातच लागली होती. ती झाकली गेली कारण समोर ८७ गोल मारले जात होते.

आणि ते गोल कोण मारत होतं? ॲडम आर्मस्ट्राँग २१, चे ॲडम्स १६. प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यातला गोलही आर्मस्ट्राँगचाच. वर आल्यावर ॲडम्सचा करार संपला आणि तो फुकटात इटलीतल्या तोरिनो क्लबला गेला. आर्मस्ट्राँगला फेब्रुवारीत उसनवारीवर वेस्ट ब्रॉमला पाठवलं, चॅम्पियनशिपमध्ये. ८७ पैकी ३७ गोल ज्यांच्या पायांतून आले, ते दोघेही हंगाम संपताना संघात नव्हते. पूर्ण हंगामात ३८ सामन्यांत गोल झाले २६. मागून पास देत येणाऱ्या संघाने पुढे कोणाला पास द्यायचा, हा प्रश्न प्रशिक्षकाइतकाच खेळाडू विकत घेणाऱ्यांना विचारायला हवा. तो मात्र कोणी विचारत नाही, कारण टीव्हीवर टचलाइनवर उभा प्रशिक्षक दिसतो, ऑफिसातले लोक दिसत नाहीत.

मार्टिन निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. हाताशी असलेल्या बचावफळीला झेपेल एवढंच मागायला हवं होतं, ते त्यांनी केलं नाही. दोष त्यांचाही, फक्त त्यांचा नव्हे.

राहिलं 'सर्वांत वाईट संघ'. ७ सामने शिल्लक असतानाच खाली जाणं निश्चित झालं. प्रीमियर लीगमध्ये इतक्या लवकर कोणीच गेलं नव्हतं, आणि तो विक्रम त्यांचाच. पण २००७-०८च्या डर्बी काउंटीचे गुण ११, विजय १, गोल २०, खाल्लेले ८९. साउथॅम्प्टनचे गुण १२, विजय २, गोल २६, खाल्लेले ८६. चारही रकान्यांत डर्बी खाली आहे. तो बारावा गुण मे महिन्यात आला, युरिच यांच्यानंतर आलेले हंगामी प्रशिक्षक सायमन रस्क यांच्या हाताखाली, मँचेस्टर सिटीशी ०-० करून.